ट्रॅक्टरच्या बॅटरीचा स्फोट का होतो?

नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात उष्णतामान अनेकदा ४५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते. उन्हाळी नांगरटीची घाई याच दिवसांत असते व बॅटरीकडे दुर्लक्षही याच दिवसांत होते. बॅटरी फुटली की दोष उन्हाला दिला जातो. परंतु नुसत्या उन्हाने ती फुटत नाही.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात व प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. बॅटरी पूर्ण भरत आली की पुढील विद्युतप्रवाहाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू निघतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी ठिणगीने तो पेट घेतो. पाणी आटले म्हणजे पट्ट्यांवरील पोकळी वाढते आणि तीत हा वायू अधिक साठतो. अशा वेळी स्टार्टर दाबताच, सैल जोडणीतून उडालेली एक ठिणगी पुरते. कवचाचे तुकडे व आम्ल थेट तोंडावर येते.

म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्यास बुचे उघडून पातळी पाहावी. ती पट्ट्यांच्या वर सुमारे १ सेंटिमीटर असावी. कमी भरल्यास केवळ शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. आम्ल घालू नये, कारण आटते ते पाणी. पातळी पाहण्यासाठी काडी ओढणे हा तर आत्मघातच, विजेरी वापरावी. बुचांची छिद्रे धुळीने बुजू देऊ नयेत. पाणी वारंवार कमी होत असेल, तर प्रभारण अधिक होत आहे असे समजून रेग्युलेटर तपासून घ्यावा.

जोडटोकांवरील पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा; मात्र बुचे घट्ट बंद असावीत, सोडा आत जाता कामा नये. नंतर टोके आवळून व्हॅसलीन लावावे. बॅटरी काढताना सांगाड्यास जोडलेली तार प्रथम सोडवावी व बसविताना शेवटी जोडावी. उलट केल्यास पाना सांगाड्यास टेकून ठिणगी उडते. प्रभारण मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी ओढू नये.

आम्ल डोळ्यांत गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवून रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. बुचे नसलेली बंद बॅटरी मात्र कधीही फोडून पाहू नये.