इंडिका बंद का झाली, तिच्या जागी काय आले? जुनी गाडी असेल तर हे वाचा

नारायणगाव : ओझर-लेण्याद्रीला पाहुणे न्यायचे असोत, की रात्री-अपरात्री पेशंटला पुण्याला हलवायचे असो; टाटा इंडिका ही गावाकडच्या भाड्याच्या गाड्यांमधली ओळखीची गाडी. तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. मात्र जिचा हप्ता केव्हाच फिटला, ती गाडी विकायची की चालवायची, हा प्रश्न मालकापुढे आजही आहे.

इंडिका एवढी का चालली?

डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेली इंडिका पिंपरीच्या कारखान्यात तयार होत असे. लहान गाडीत १.४ लिटरचे डिझेल इंजिन आणि मागे तिघांना ऐसपैस जागा, हे तेव्हा नवे होते. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. २००१ मध्ये सुधारित 'व्ही-२' आली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली.

मग बंद का केली?

मागणी घटत गेली. त्यात ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलनाही समोरून व बाजूने धडकेची चाचणी सक्तीची होणार होती, तर एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार होते. वीस वर्षांच्या जुन्या सांगाड्यावर एवढा खर्च परवडणारा नव्हता.

जागा कोणी घेतली?

आधी २०१५ मध्ये बोल्ट आली, पण ती फारशी चालली नाही. एप्रिल २०१६ मध्ये आलेली टियागो मात्र टिकली. ती साणंदला बनते. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला चार स्टार मिळाले. पण बीएस-६ येताच तिचे डिझेल इंजिन बंद झाले. आता पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक हेच पर्याय आहेत. म्हणजे इंडिकाची जागा भरली, 'डिझेलची छोटी गाडी' ही जागा रिकामीच राहिली.

जुनी इंडिका असेल तर?

- खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते; राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो.
- भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते.
- जुन्नर-आंबेगावच्या गाड्यांसाठी कार्यालय पिंपरी-चिंचवड आरटीओ, म्हणजेच 'एमएच १४'.
- सीएनजी गाडी घेताना डिकीत टाकी असते, हे लक्षात ठेवा. सामानासह भाडे मारणाऱ्यांनी आधी डिकी उघडून पाहावी, मगच बुकिंग करावे.