वेंगुर्ला रॉक्स : खडकाळ बेटांवरील पक्षीजीवन आणि संवर्धन

प्रस्तावना
पालघर जिल्ह्यातील वाचकांना बेट म्हटले की अर्नाळा आठवते. तेथे किल्ला आहे, कोळ्यांची वस्ती आहे आणि रोजची होडीची ये-जा आहे. याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, अगदी वेगळ्या स्वरूपाची बेटे आहेत. वेंगुर्ल्यापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात असलेला हा खडकांचा समूह 'वेंगुर्ला रॉक्स' या नावाने ओळखला जातो. या बेटांचे निसर्गस्वरूप, तेथील पक्षीजीवन व त्यापुढील संकटे यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

निसर्गस्वरूप
पोर्तुगीज दर्यावर्दींनी या समूहाला 'जळालेली बेटे' असे नाव दिले होते. काळपट, उघडे कडे पाहता हे नाव सार्थ वाटते. सभोवती लाटांचा मारा, पायथ्याशी खोल कपारी व गुहा आणि माथ्यावर तुरळक गवत असे येथील दृश्य आहे. समूहातील एका बेटावर दीपगृह आहे; दुसरे बेट जुन्या दीपगृहाचे म्हणून ओळखले जाते. खवळलेल्या समुद्रामुळे पावसाळ्यात होडी लावणे जवळजवळ अशक्य होते. माणसाला गैरसोयीची ठरणारी हीच दुर्गमता पक्ष्यांना मात्र उपकारक ठरते.

पक्षीजीवन
बहुतेक सुरय पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यामुळे कुत्रा, मांजर व उंदीर नसलेली जागा ही त्यांची पहिली गरज असते. या बेटांवर डोळ्यांवर पांढरी पट्टी असलेला सुरय आणि मोठ्या तुऱ्याचा सुरय यांची वीण नोंदली गेली आहे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७५ मध्ये आणि पुढे हुमायून अब्दुलाली यांनी येथील पक्ष्यांचा अभ्यास केला.

जुन्या दीपगृहाच्या बेटावरील गुहेत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. ही पाकोळी टकटक असा ध्वनी काढून त्याच्या प्रतिध्वनीच्या आधारे अंधारात मार्ग काढते. उडते कीटक हे तिचे अन्न. तिचे वाटीसारखे घरटे लाळ, पिसे व वनस्पतींचे धागे यांचे असते. ते गुहेच्या भिंतीला चिकटवलेले असते आणि त्यात सामान्यतः दोन अंडी असतात.

संकटे
लाळेच्या घरट्यांना पूर्व आशियात खाद्यपदार्थ म्हणून मोठी किंमत मिळते. विणीच्या काळात घरटे खरवडले की अंडी व पिल्ले नष्ट होतात आणि पक्ष्याला पुन्हा आरंभापासून बांधणी करावी लागते. २००१ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या प्रयत्नांतून या घरट्यांची चोरटी तोड उजेडात आली. त्यानंतर संरक्षणाचे प्रयत्न सुरू झाले. दुसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, जुन्या दीपगृहाच्या बेटावर वाढलेले पारवे पाकोळ्यांच्या घरट्यांची जागा बळकावण्याची शक्यता व्यक्त करण्यात आली.

बाहेरून आलेला एखादा प्राणी बेटाचे जीवन कसे पालटतो, याचे उदाहरण स्कॉटलंडच्या आयल्सा क्रेग या लहान खडकाळ बेटावर मिळते. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांमुळे तेथील पफिन पक्ष्यांची वीण थांबली होती. १९९१ मध्ये उंदरांचे निर्मूलन झाले. २००२ मध्ये पफिन तेथे पुन्हा वीण करताना आढळले. हानी भरून येऊ शकते, पण त्यास दशकभराचा काळ लागतो, हा यातील बोध होय.

समारोप
वेंगुर्ला रॉक्सचे संरक्षण आजवर मुख्यतः समुद्राने केले. यांत्रिक होड्यांच्या काळात ते पुरेसे राहिलेले नाही. विणीच्या हंगामात बेटावर न उतरणे, होडीतून उंदीर जाऊ न देणे, गुहेची नियमित पाहणी करणे आणि स्थानिक मच्छीमारांना राखणदारीत सहभागी करून घेणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व भूगोल विभागांनी दूर अंतरावरून वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी या कामी मोलाच्या ठरतील. ओसाड दिसणारा खडक रिकामा नसतो, ही जाणीव हाच संवर्धनाचा आरंभ होय.