चार्जर बिघडला, की त्याने नकार दिला?

कॉर्डलेस ड्रिल मशीनची बॅटरी चार्ज होईनाशी झाली, की दोष बहुधा चार्जरच्या माथी येतो. परंतु लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर समोरची बॅटरी चार्ज करण्याजोगी आहे का, हे आधी तपासतो, आणि म्हणून त्याचा लुकलुकणारा लाल दिवा पुष्कळदा बिघाड नव्हे, तर नकार दर्शवतो.

18 व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी 3.6 व्होल्टचे पाच सेल एकसर जोडलेले असतात व पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर पोचत असल्याने एकूण विद्युतदाब 21 व्होल्ट होतो. धन व ऋण टोकांखेरीज बॅटरीला आणखीही टोके असतात. त्यांपैकी एक बहुधा थर्मिस्टरचे, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या घटकाचे असते. बॅटरी सुमारे 45 अंश सेल्सिअसच्या वर तापली असेल किंवा तिचा दाब फारच उतरला असेल, तर चार्जर प्रवाह रोखतो. भर उन्हाळ्यात काँक्रीटला भोके पाडून लगेच चार्जरवर चढवलेली बॅटरी आधी निवू द्यावी.

खात्रीची दुसरी बॅटरी लावून पाहणे, ही सर्वांत विश्वसनीय चाचणी होय: ती चार्ज झाली तर चार्जर निर्दोष ठरतो. टोकांवरची सिमेंटची धूळ पुसणेही विसरू नये. मल्टिमीटर वापरणाऱ्यांची मात्र एक चूक नेहमी होते. रिकाम्या चार्जरच्या टोकांवर शून्य व्होल्ट दिसताच ते त्याला निकामी ठरवतात, वास्तविक अनेक चार्जर बॅटरीची ओळख पटल्यावाचून दाब बाहेर सोडतच नाहीत.

एकही दिवा लागत नसेल, तर सॉकेट व वायर तपासावी. त्यापुढचे काम जाणकाराचे आहे, कारण 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून आत सुमारे 325 व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकू शकतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे तर सर्वस्वी गैर आहे; फ्यूज बहुधा पुढचा एखादा घटक शॉर्ट झाल्यामुळेच उडालेला असतो.

नाकारलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून 'जागे' करण्याचा प्रकारही टाळलाच पाहिजे, कारण अति उतरलेल्या सेलमधील तांबे विरघळून पुढे अंतर्गत शॉर्ट व आग संभवते. अशी बॅटरी कचऱ्यात टाकू नये; भारतात 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.