अडलंय कुठे, हे विचारणारा अध्यक्ष

सातोरू इवाता ११ जुलै २०१५ रोजी गेले. वय ५५. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीच्या अध्यक्षपदावर त्यांना १३ वर्षं झाली होती. त्यांच्यामागे जगभर जे लिहिलं गेलं, त्यात त्यांच्या साधेपणाचं आणि हसतमुख स्वभावाचं कौतुक भरभरून होतं. ते खोटं नाही. पण नुसत्या भलेपणावर एवढी मोठी कंपनी चालत नाही. त्यांची कारकीर्द पहिल्यापासून पाहत गेलं की एक रीत सारखी दिसत राहते. प्रोग्रॅम चालेना झाला की चांगला प्रोग्रॅमर तो ओळ न् ओळ वाचतो, नेमकं कुठे अडलंय ते शोधतो आणि मगच हात लावतो. इवातांनी कर्ज, तोटा आणि माणसं या सगळ्यांच्या बाबतीत हेच केलं.

जन्म १९५९ चा, होक्काइदोतल्या साप्पोरोचा. वडील पुढे त्याच बेटावरच्या मुरोरान शहराचे महापौर झाले. शाळेत असताना इवातांच्या हाती ह्यूलेट-पॅकार्डचा प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर आला. त्यावर चित्र नाही, रंग नाही, फक्त आकडे. त्या आकड्यांच्या जोरावर त्यांनी बेसबॉलचा खेळ रचला आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राला खेळायला दिला. मित्र खूश. आपण केलेल्या वस्तूनं दुसरा माणूस हसतो, याची गोडी त्यांना तिथे लागली आणि ती कधी सुटली नाही.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकताना सेइबू डिपार्टमेंट स्टोअरच्या कॉम्प्युटर विभागात घुटमळणाऱ्या मुलांशी त्यांची दोस्ती झाली. त्या गोतावळ्यातून १९८० मध्ये हॅल लॅबोरेटरी ही छोटी कंपनी निघाली. इवाता आधी तिथे अर्धवेळ काम करायचे. १९८२ मध्ये पदवी मिळाल्यावर पूर्णवेळ रुजू झाले. नावाजलेल्या संस्थेतून शिकलेला मुलगा मूठभर माणसांच्या कंपनीत जातो, हे वडिलांना सहन झालं नाही. सहा महिने ते मुलाशी बोलले नाहीत.

१९८३ मध्ये निन्टेंडोचं फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र बाजारात आलं आणि हॅलला काम मिळालं. ‘पिनबॉल’, ‘गोल्फ’, ‘बलून फाइट’ या खेळांचे प्रोग्रॅम इवातांनी लिहिले. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमची नक्कल केलेले स्वस्त टीव्ही गेम घरोघर आले, तेव्हा त्यांच्या ‘अनेक खेळ एकात’ कार्ट्रिजमध्ये ‘बलून फाइट’ अनेकदा असायचा. दोन फुग्यांच्या आधारानं तरंगणारा तो माणूस पुण्या-नाशकातल्या, सांगली-सोलापुरातल्या ज्या मुलांनी उडवला, त्यांनी इवातांची कारागिरी हाताळली होती. त्या तरंगण्यातला गुळगुळीतपणा हीच खरी करामत. पात्राची जागा ते पूर्णांकात न मोजता दशांशापर्यंत मोजत. निन्टेंडोच्या आर्केड यंत्रावरच्या आवृत्तीपेक्षा घरगुती आवृत्ती मऊ कशी चालते, असं तिकडच्या प्रोग्रॅमरनं विचारलं, तेव्हा इवातांनी हातचं काही न राखता सगळं सांगून टाकलं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ पाण्यात पोहतो, तिथे हीच युक्ती कामाला आली.

१९९२ मध्ये हॅल कर्जात बुडाली. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण एका अटीवर: कंपनी इवातांनी चालवायची. १९९३ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, व्यवस्थापनाचा काही अनुभव नसलेला हा प्रोग्रॅमर अध्यक्ष झाला. डोक्यावर दीडशे कोटी येनचं कर्ज. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर कंपनीतल्या प्रत्येक माणसाला एकेकटं भेटून बोलले. तुला काय जमतं, काय आवडतं, कशाचा त्रास होतो. या भेटी त्यांनी पुढेही वर्षातून दोनदा चालू ठेवल्या. दरसाल २५ कोटी येन फेडत सहा वर्षांत कर्ज संपवलं.

त्याच पडझडीच्या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मासाहिरो साकुराई या अगदी तरुण मुलानं रचलेला एक खेळ ‘टिंकल पोपो’ या नावानं जाहीर झाला होता, २६ हजार प्रतींच्या ऑर्डरही आल्या होत्या. निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंचं म्हणणं पडलं की थोडं आणखी घासलं तर हा खेळ कितीतरी मोठा होईल. रोकड आटलेल्या कंपनीनं आलेल्या ऑर्डर रद्द करायच्या? हॅलनं केल्या. तो खेळ १९९२ मध्ये ‘किर्बी’ म्हणून आला आणि त्याच्या ५० लाखांहून जास्त प्रती गेल्या.

‘मदर २’ची कथाही तशीच. जाहिरातलेखक आणि निबंधकार शिगेसातो इतोई यांचा हा खेळ कैक वर्षं रखडला होता. इवाता पाहायला गेले आणि म्हणाले, आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, मुळापासून पुन्हा करू दिलंत तर सहा महिने. मग त्यांनी आधी हत्यारं घडवली, म्हणजे तिथल्या लोकांना स्वतःच भराभर बदल करता येतील असे छोटे प्रोग्रॅम. खेळ १९९४ मध्ये बाहेर पडला. बाहेरून आलेला तज्ज्ञ सगळं स्वतःच उरकून शाबासकी घेऊन जाऊ शकला असता. इवातांनी आधीच्या मंडळींचे हात मोकळे केले.

पोकेमॉनच्या वेळी ते निन्टेंडोचे नोकरदारही नव्हते. ‘पोकेमॉन स्टेडियम’साठी गेम बॉयवरची लढत निन्टेंडो ६४ वर आणायची होती आणि मूळ प्रोग्रॅमबद्दल लिहून ठेवलेलं असं काही हाताशी नव्हतं. एका कंपनीच्या अध्यक्षानं तो प्रोग्रॅम बसून वाचला आणि आठवड्याभरात चालता करून दिला. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ची चित्रं लहानशा कार्ट्रिजमध्ये मावेनात, तर ती आवळून बसवण्याचा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला.

२००० मध्ये यामाउचींनी त्यांना निन्टेंडोच्या क्योटोतल्या मुख्यालयात बोलावून नियोजन विभाग दिला. पुढच्याच वर्षी ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ वेळेत पुरा होईना, तेव्हा हे विभागप्रमुख यामानाशीतल्या हॅलच्या कार्यालयात तीन आठवडे चुका शोधत बसले. प्रोग्रॅमर म्हणून ते त्यांचं शेवटचं काम. ३१ मे २००२ रोजी ते निन्टेंडोचे चौथे अध्यक्ष झाले. १८८९ मध्ये हानाफुदा पत्ते बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीच्या प्रमुखपदी यामाउची घराण्याबाहेरचा माणूस पहिल्यांदाच बसला.

दिवस कठीण होते. सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे निन्टेंडोचा गेमक्यूब फिका पडला होता. यंत्रं अधिकाधिक ताकदवान होत होती, खेळ अधिकाधिक गुंतागुंतीचे, आणि जपानमध्ये खेळणारेच कमी होत चालले होते. इवातांचा प्रश्न वेगळा होता: जे खेळत नाहीत, ते का खेळत नाहीत? त्याचं उत्तर म्हणून २००४ मध्ये स्पर्शानं चालणारा पडदा असलेलं निन्टेंडो डीएस आलं. तोहोकू विद्यापीठातल्या र्यूता कावाशिमांच्या संशोधनावर बेतलेला मेंदूच्या व्यायामाचा खेळ २००५ मध्ये आला आणि जपानमधली आजी-आजोबांची पिढी तो घेऊन बसली. २००६ मध्ये टीव्हीला जोडायचं वी हे यंत्र आलं. त्याच्या हातातल्या यंत्राला ‘रिमोट’च म्हणायचं, हा आग्रह खुद्द इवातांचा, टीव्हीचा रिमोट हातात घ्यायला घरातलं कुणी बिचकत नाही, म्हणून. डीएस १५ कोटींहून जास्त विकलं गेलं, वी १० कोटींहून जास्त. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा कामकाजी नफा साडेपंचावन्न हजार कोटी येनवर गेला.

यशाच्या काळात कोणाचाही स्वभाव गोडच दिसतो. पारख पुढे झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये २५ हजार येनला आणलेलं थ्रीडीएस हे हातात धरायचं यंत्र चालेना. ऑगस्टमध्ये किंमत थेट १५ हजारांवर आणावी लागली. इवातांनी जाहीर माफी मागितली, स्वतःचा पगार निम्मा केला, इतर संचालकांनीही कपात घेतली. आधी जास्त पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांना २० जुने खेळ फुकट दिले. थ्रीडीएस सावरलं. २०१२ मध्ये आलेलं वी यू मात्र सावरलं नाही; ते दीड कोटीही खपलं नाही. कंपनीनं लागोपाठ तीन वर्षं कामकाजी तोटा दाखवला. इथे इवातांचा अंदाज चुकला, हे स्पष्ट म्हणायला हवं. वी यू हे नवं यंत्र आहे की जुन्या वीला जोडायचं काही, हेच अनेकांना कळलं नाही. स्मार्टफोननं खेळांची बाजारपेठ पालटली, तरी त्याकडे कंपनी वळली ती मार्च २०१५ मध्ये, डीएनए कंपनीशी करार करून. फार उशीर झाला, असं माझं मत आहे.

पण तोट्याच्या त्याच काळात, २०१३ च्या भागधारकांच्या सभेत माणसं कमी करण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी नकार दिला. नोकरी जाईल या धाकात बसलेल्या माणसाच्या हातून जगाला आनंद देणारा खेळ घडेल असं आपल्याला वाटत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अनेकांनी याला निव्वळ दयाळूपणा म्हटलं. मला त्यात धंद्याचा चोख हिशेब दिसतो. खेळ बनवायला काही वर्षं लागतात. आज माणूस काढला तर आकडे या तिमाहीत सुधारतात आणि पुढचं यंत्र येतं तेव्हा त्यावर खेळायला काही नसतं. हा हिशेब परवडला, कारण यामाउचींच्या काळापासून कंपनीनं मोठी गंगाजळी राखली होती. ज्या कंपनीच्या तिजोरीत खडखडाट आहे तिला हे जमलं नसतं. शिवाय २०१४ मध्ये युरोपातल्या कार्यालयाची फेररचना झाली, तेव्हा तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्याच. तरीही जानेवारी २०१४ मध्ये नफ्याचे अंदाज पुन्हा कोसळले, तेव्हा क्योटोतल्या खेळ घडवणाऱ्या माणसांना धक्का लागला नाही. पगार पुन्हा कापला गेला तो इवातांचा आणि संचालकांचा.

जून २०१४ मध्ये पित्तनलिकेतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांत ते कामावर परतले, अंगानं फार रोडावलेले. मार्च २०१५ ला संपलेल्या वर्षात कंपनी पुन्हा नफ्यात आली. नव्या यंत्राचं काम सुरू असल्याचंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्याचं नाव पुढे स्विच झालं. मार्च २०१७ मध्ये ते आलं तेव्हा सोबत ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ होता. त्याचं काम वी यूसाठी, तोट्याच्या वर्षांतच सुरू झालेलं. जवळजवळ दोन महिन्यांनी ‘मारिओ कार्ट ८’ स्विचवर आला. मे २०१४ मध्ये, ऐन तोट्यात, तो वी यूवर निघाला होता आणि यंत्रच खपत नसल्यानं तिथे त्याची विक्री एक कोटीलाही पोचली नव्हती. स्विचवर त्याच खेळाच्या ६ कोटींहून जास्त प्रती गेल्या.