बहिर्जी नाईक : हेरप्रमुखाच्या चरित्राचा शोध

गुप्तहेराचे यश त्याच्या अदृश्य राहण्यात असते आणि इतिहासकाराचा व्यवसाय तर दृश्य पुराव्यावर चालतो. हा विरोध जितका बहिर्जी नाईकाच्या बाबतीत जाणवतो, तितका शिवकालातील अन्य कोणाच्या बाबतीत क्वचितच जाणवतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख म्हणून त्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्याचे जन्मवर्ष, आईवडील, शिक्षण, कुटुंब यांविषयी समकालीन कागद बोलत नाहीत. मग त्याच्याविषयी आपण जे सांगतो, त्यातले किती प्रमाण मानावे?

या शोधाचा आरंभ कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीपासून करावा लागतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९० च्या दशकात जिंजी येथे ही बखर लिहिली गेली. महाराजांच्या निधनाला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. सभासदाने बहिर्जीचे आडनाव जाधव असे दिले असून महाराजांनी त्याला जासुदांचा नाईक केल्याचे नमूद केले आहे. म्हणजेच येथे 'नाईक' हा हुद्दा आहे, कुळनाम नव्हे. या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने पुढे त्याच्या जातिकुळाविषयी अनेक वाद उभे राहिले. 'जासूद' या शब्दातही दुहेरी अर्थ आहे. पत्रे पोहोचविणारा आणि बातमी आणणारा अशी दोन्ही कामे तोच करी. त्यामुळे जासुदांचा नाईक म्हणजे आजच्या भाषेत टपाल आणि गुप्तवार्ता या दोन्ही खात्यांचा मुख्य होय.

बखरीत बहिर्जी दोन ठिकाणी ठळकपणे दिसतो. पहिला प्रसंग सुरतेचा. शहराची पाळत घेऊन, तेथे अमाप द्रव्य मिळेल अशी खबर त्याने आणली, असे सभासद सांगतो. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. येथे संशोधकाला दुसरा, स्वतंत्र साक्षीदार मिळतो. इंग्रज वखारीच्या कागदांत आणि तेथील पाद्री एस्कलियट याच्या पत्रात या लुटीचे वर्णन आहे. त्यांत बहिर्जीचा उल्लेख असण्याचे कारणच नाही. परंतु विरजी व्होरा आणि हाजी झहीद बेग या धनाढ्य व्यापाऱ्यांच्या वाड्यांवर मराठ्यांनी घाला घातल्याचे कळते. इतक्या मोठ्या, अनोळखी शहरात मोजक्या दिवसांत नेमकी घरे सापडली, ती आगाऊ माहितीवाचून नव्हे. माणूस दिसत नाही, पण त्याच्या कामाचा ठसा शत्रूपक्षाच्या कागदावर उमटलेला दिसतो. हेराचे चरित्र शोधण्याची हीच खरी पद्धत होय.

दंतकथा किती लवकर आकार घेते, याचाही नमुना सुरतेतच आहे. १६६६ मध्ये तेथे आलेल्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने, महाराज स्वतः वेषांतर करून शहर पाहून गेल्याची वदंता नोंदविली आहे. अवघ्या दोन वर्षांत हेरांचे श्रेय लोकांनी राजाला देऊन टाकले होते!

दुसरा प्रसंग १६७९ च्या अखेरचा. जालना लुटून परतताना मोगली फौजा पाठीवर आल्या, तेव्हा बहिर्जीने आडवाटांनी महाराजांना पट्टागडावर सुखरूप पोहोचविले, असे सभासद लिहितो. या नोंदीचे महत्त्व केवळ शौर्यकथेपुरते नाही. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर, म्हणजे पूर्वीच्या भूपाळगडावर, बहिर्जीची मानली जाणारी समाधी आहे. हा गड दिलेरखानाने एप्रिल १६७९ मध्ये घेतला. आता कोणी बहिर्जीचा मृत्यू त्या लढाईत झाला असे म्हणत असेल, तर सभासदाची नोंद आड येते. कारण पट्ट्याची वाट दाखविणारा बहिर्जी त्यानंतर सात महिन्यांनी हयात असला पाहिजे. समाधीची परंपरा यामुळे खोटी ठरत नाही. परंतु तिला लढाईची तारीख चिकटविता येत नाही.

आता मालवणच्या किनाऱ्याकडे वळू. सुरतेच्या लुटीनंतर त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. खवासखानाची कुडाळ भागातील मोहीमही त्याच वर्षातली. पुढे फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणाहून आरमारासह बसरूरवर गेले. इंग्रजांच्या नोंदीनुसार त्या आरमारात ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे होती. बेटाभोवतीचे खडक, भरती-ओहोटी, गोव्याच्या फिरंग्यांच्या हालचाली, दूरच्या बंदरातील संपत्ती या सर्वांची माहिती असल्याशिवाय ही कामे होणे नव्हते. परंतु ती माहिती देणारा बहिर्जीच होता, असे म्हणण्यास आधार लागतो. किनाऱ्यावरची बातमी कोळी, तांडेल, व्यापारी यांच्याकडूनही येत असणार. सगळे श्रेय एकाच नावाला दिले, तर या अनाम माणसांवर अन्याय होतो.

हा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. त्यांत सिंधुदुर्गही आहे. होडीतून किल्ल्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला जे सांगितले जाईल, तेच पुढच्या पिढीचा इतिहास ठरेल. कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी बहिर्जीला हजारो हेरांचा सेनानी, सांकेतिक भाषांचा जनक, बहुरूपी असे रंगविले आहे. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य आहे. माहितीफलक लिहिणाऱ्याला ते नाही. सांगीव गोष्ट 'परंपरा' म्हणून सांगावी आणि कागदातली गोष्ट 'नोंद' म्हणून. एवढा भेद पाळला तरी पुष्कळ साधेल.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, ती याच निष्ठेतून. फारसी, पोर्तुगीज, डच, इंग्रजी आणि मोडी कागदांचा एकत्र अभ्यास करणारे अभ्यासक तयार झाले, तर बहिर्जीचे आणखी एखादे पाऊल उमटलेले सापडू शकेल. तोवर बखरीतल्या मोजक्या ओळींचे मोल कमी मानण्याचे कारण नाही. ज्याचे काम नाव न उमटू देण्याचे होते, त्याच्या धन्याच्या दरबारातील लेखकाने ते नाव विसरू दिले नाही, यातच त्याची योग्यता दिसते.