काळ्या प्लास्टिकची जागा

चार-पाच उन्हाळे उघड्यावर काढलेली एखादी एसयूव्ही जरा जवळून बघा. पत्र्याचा रंग अजून टवटवीत असतो. चाकांच्या कमानीवरचं आणि दारांखालचं काळं प्लास्टिक, म्हणजेच क्लॅडिंग, मात्र पांढरट पडलेलं असतं. शोरूममध्ये ज्या क्लॅडिंगमुळे गाडी दणकट वाटली, त्याच्यामुळेच ती आता जुनाट दिसते. गाडीवाल्यांची ही तक्रार रास्त आहे.

हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं. ठोकर बसली तरी तडकू नये म्हणून त्यात रबरासारखा घटक मिसळतात. काजळीने त्याला काळा रंग येतो आणि उन्हापासून थोडा बचावही होतो. पण पत्र्याच्या रंगावर असतो तसा पारदर्शक लेप याच्यावर नसतो, त्यामुळे अतिनील किरणांनी वरचा थर हळूहळू झिजतो. त्यात गाडी धुताना पत्र्याचं वॅक्स या खरबरीत भागावर लागलं, की खाचांत बसून पांढरे डाग पडतात.

तरी ते लावायला कारण आहे. चाकाखालची खडी उडून पत्र्यावरच्या रंगाचे टवके निघतात. प्लास्टिकवर तोच मार दिसतही नाही. शिवाय खालचा भाग काळा असला की रंगीत भाग सडपातळ दिसतो आणि गाडी उंच भासते. आपल्याकडे २०१३ ते २०१५ या काळात आलेल्या क्रॉस पोलो, इटिओस क्रॉस, आय-ट्वेंटी अ‍ॅक्टिव्ह या मुळात हॅचबॅकच होत्या. क्लॅडिंगने त्यांना एसयूव्हीचा थाट दिला. यातलं संरक्षण किती आणि सजावट किती, हे गिऱ्हाइकाने विचारायलाच हवं.

अमेरिकेत ही सजावट एका गाडीला फार महागात पडली. जनरल मोटर्सची पाँटिअ‍ॅक अ‍ॅझ्टेक २००० साली बाजारात आली, ती खालचं अर्धं अंग करड्या प्लास्टिकने झाकूनच. लोकांनी तिला कुरूप ठरवलं. कंपनीने २००२ च्या मॉडेलपासून क्लॅडिंगला गाडीचाच रंग दिला, पण खपाच्या सर्वांत चांगल्या वर्षीही आकडा ३० हजारांपर्यंत पोचला नाही आणि २००५ मध्ये गाडी बंद झाली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्यांनी ती घेतली, ते खूश होते. जे. डी. पॉवर या ग्राहकांची मतं अजमावणाऱ्या कंपनीच्या २००१ च्या पाहणीत तिच्या मालकांनी बाहेरचं रूप सोडून जवळपास प्रत्येक बाबतीत तिला तिच्या गटात वरचे गुण दिले. आतली ऐसपैस जागा, सामानाची सोय, सगळं होतं. ते बघायला लोक दार उघडण्याइतके जवळ गेले नाहीत.

म्हणून प्लास्टिक असावं की नसावं, यापेक्षा ते कुठे असावं हा प्रश्न मला खरा वाटतो. सित्रोएनने २०१४ च्या सी-फोर कॅक्टसच्या दारांवर मधोमध हवेच्या कप्प्यांचे मऊ पट्टे बसवले. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार आदळलं तरी पोचा पडू नये, हा हेतू. काहींना ते फार आवडले, काहींना बघवेनात. २०१८ च्या सुधारित गाडीत पट्टे राहिले, पण आकाराने लहान होऊन दारांच्या तळाशी गेले.