आयोडीनयुक्त मीठ : दुकानदार व खानावळवाल्यांनी काय पाहावे?

मीठ हा किराणा दुकानातील सर्वांत स्वस्त माल. त्यात नफा थोडा, म्हणून त्याकडे लक्षही थोडेच दिले जाते. परंतु आपल्या दुकानांत, बेकऱ्यांत व कारखान्यांत राबणारी 18 ते 25 वर्षांची मुले घरी कमी व बाहेर अधिक जेवतात. त्यांच्या पोटात कोणते मीठ जावे, हे त्यांच्यापेक्षा आपणच ठरवीत असतो.

‘आयोडीन’ हा शब्द जाहिरातींमुळे तरुणांना ठाऊक आहे. ते कशासाठी, असे विचारले तर उत्तर येते, ‘गलगंड होऊ नये म्हणून.’ हे खरे, पण अपुरे आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीची 250 आहे. गरोदरपणात फार कमतरता राहिली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते व ही हानी पुढे भरून निघत नाही. म्हणून ज्यांचे संसार आता सुरू व्हायचे आहेत, त्यांनाच ही माहिती आधी हवी.

किनाऱ्यावर एक समज पक्का आहे : मीठ समुद्राचे, मग आयोडीन असणारच! मिठागरात मीठ तयार होताना आयोडीन त्यात जवळजवळ राहत नाही. ते वेगळे मिसळावे लागते. सैंधव किंवा तरुणांत हल्ली खपणारे गुलाबी मीठ यांचेही तसेच. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले नसेल, तर ते आहे असे धरू नये.

कायदा काय सांगतो?

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून झालेल्या प्रयोगांनी या मिठाचा उपयोग सिद्ध केला व 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठावरील देशव्यापी बंदी 1998 मध्ये आली, 2000 मध्ये उठली व 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. आता अन्न सुरक्षा कायद्याखालील 2011 च्या नियमांनुसार असे मीठ खाण्यासाठी विकणे किंवा विक्रीसाठी दुकानात ठेवणे मना आहे. किरकोळ विक्रीच्या मिठात दर किलोस किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते.

चामडी खारवणे, कापड रंगवणे, मासळी टिकवणे, जनावरांना घालणे अशा कामांसाठी साधे मीठ चालते. मात्र गोणीवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. हा माल खाण्याच्या मिठाजवळ ठेवू नये. गोदामातील गोणी चुकून खानावळीत जाता कामा नये.

साठवणीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. किलोला 30 मिलिग्रॅम आयोडीन असेल तर 5 ग्रॅम मिठातून 150 मायक्रोग्रॅम मिळते. तेच 15 वर आले तर 75, म्हणजे निम्मेच. ओल, ऊन व उघडी गोणी यांमुळे आयोडीन घटते. म्हणून :

1. गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. पावसाळ्यात विशेष जपावे.
2. आधी आलेला माल आधी विकावा. पाकिटावरील तारीख पाहावी.
3. सुटे मीठ उघड्या पिंपात ठेवू नये. बंद पाकिटे उत्तम.
4. खानावळीत मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर असावे व शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घालावे. जाडे मीठ धुऊन घेऊ नये.
5. शंका आली तर तपासणी संचातील थेंब टाकून पाहावा. मीठ जांभळे-निळे झाले तर त्यात आयोडीन आहे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ कमीच खावे. पण जे खातील ते आयोडीनचे असावे. थायरॉइडचे औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

गिऱ्हाईक मिठाचा भाव विचारते, आयोडीन विचारत नाही. पाकीट हाती देताना दुकानदाराने ते दोन वाक्यांत सांगावे. त्याला खर्च काहीच नाही.